मुठीच्या पुढं की मागं?

देगलूरहून नरसी, नायगाव करत नांदेडला गेलेला माणूस सचखंड हुजूर साहिबला जाऊन येतोच. तिथं सायंकाळी गुरू गोविंदसिंगांच्या शस्त्रांचं दर्शन घडवतात, त्यात धनुष्यंही आहेत. गुरूंनी १७०८ साली नांदेडलाच देह ठेवला. तेव्हापासूनची तीनशे वर्षं धनुष्याच्या अंगानं पाहिली, तर कारागिरांपुढचा एक प्रश्न बदललेला दिसत नाही: पाती मुठीला जोडायची कुठं आणि कोणत्या कोनात? लाकूड कोणतं, ताण किती पौंडांचा, यावर सगळे बोलतात. माझ्या मते धनुष्याचा स्वभाव ठरतो तो या सांध्यात.

त्या काळच्या हिंदुस्थानी धनुष्याचा गाभा लाकडी तुकड्यांचा असे: मधली मूठ, दोन पाती आणि दोन टोकं, खाचेत खाच बसवून सरसानं जोडलेली. तिरंदाजाच्या बाजूला शिंगाच्या पट्ट्या, पाठीवर जनावराच्या स्नायूंच्या तंतूंचा थर. दोरी उतरवली की पाती उलटी, लक्ष्याच्या दिशेनं वळत. दोरी चढवतानाच पात्यांत पुष्कळ ताण भरला जाई, म्हणून आखूड धनुष्यातूनही बाण जोरात सुटे. पण सांधा एकदा बसला की बसला. कोन चुकला तर दुरुस्ती जवळपास नव्हतीच, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत सरसाचा भरवसा नसे. हिंदुस्थानात पोलादी धनुष्यंही घडवली गेली, त्यामागं हे एक कारण होतं.

बांबूच्या तिरकमठ्याला ही अडचणच नाही. एकच कांब, तीच मूठ आणि तीच पाती. आपल्याकडच्या 'इंडियन राउंड' स्पर्धांत आजही बांबूचंच धनुष्य चालतं.

१९७२ साली म्युनिकला ऑलिंपिकमध्ये तिरंदाजी ५२ वर्षांनी परतली. पुढच्याच वर्षी भारतीय तिरंदाजी संघटना स्थापन झाली, आणि १९८८ साली सोलला लिंबाराम, श्यामलाल आणि संजीव सिंग भारताकडून उतरले. याच दशकांत सुटी होणारी रिकर्व्ह, म्हणजे टोकं लक्ष्याकडं वळलेली, धनुष्यं रुळली. मूठ वेगळी, पाती वेगळी, बोल्टनं जोडायची. त्यामुळं पाती कुठं बसावीत, हे आता निवडता येऊ लागलं.

पाती मुठीच्या पुढं, म्हणजे लक्ष्याच्या बाजूला सरकवून बसवली, तर दोरी मुठीच्या जवळ येते. बाण दोरीवर जास्त अंतर ढकलला जातो. २८ इंच ओढीला दोरी मुठीपासून ८ इंचांवर असेल तर हे अंतर २० इंच, ७ वर असेल तर २१. वेग वाढतो. पण बाण दोरीवर जितका जास्त राहतो, तितका वेळ हाताची चूक त्याच्यात शिरते. शिवाय पाती हाताच्या पुढं असली की मनगटाची किंचित पिळणही वाढत जाते. पाती मागं, तिरंदाजाच्या बाजूला असली की धनुष्य स्वतःच सावरतं. हातगाडी ओढली तर निमूट मागे येते, ढकलली तर भरकटते, तसंच हे.

ही किंचित पिळण किती महाग पडते? ऑलिंपिकमध्ये लक्ष्य ७० मीटरवर, दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंमी व्यासाचं. बाणाची दिशा एक दशांश अंशानं चुकली तर तो केंद्रापासून १२ सेंमी सरकतो. दहा तर गेलेच, नऊ गुणही काठावर येतात.

कोनाचं गणित वेगळं. पाती लक्ष्याकडं जास्त कलवून बसवली तर दोरी आधीपासूनच जास्त ताणलेली राहते आणि धनुष्य जड होतं. धातूच्या मुठीत हा कल बोल्ट फिरवून बदलता येतो, वरच्या आणि खालच्या पात्याचा तोलही साधता येतो. लाकडी मुठीत मात्र कारागिरानं पात्याची बैठक कापली, की तोच कोन कायम. जुन्या कारागिरासारखीच ही जोखीम, म्हणून लाकडी धनुष्य घडवणाऱ्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

साताऱ्याच्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव रिकर्व्हवरच पुढं आला. २०१९ साली नेदरलँड्समधल्या जागतिक स्पर्धेत तरुणदीप राय आणि अतनू दास यांच्यासोबत त्यानं सांघिक रौप्य मिळवलं, पुढं टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिंपिकं खेळला. आपल्या भागातल्या एखाद्या पोराला त्याच्याकडं पाहून लाकडी रिकर्व्ह घ्यावंसं वाटलं, तर घरच्यांनी पौंडांचा आकडा नंतर विचारावा. आधी धनुष्य आडवं धरून, पाती मुठीच्या मागं बसली आहेत का, ते बघून घ्यावं.