आटे बसले, फोकस नाही बसला

चाकणच्या टूलरूममधला माणूस जुन्या कॅमेऱ्यांच्या नादी लागला की त्याची एक सवय त्याला हमखास दगा देते. आटे जुळले म्हणजे माल जुळला, असं तो धरून चालतो. सोव्हिएत झोर्की हा रेंजफाइंडर, म्हणजे वेगळ्या खिडकीतून बघायचा कॅमेरा, आणि सुरुवातीचा झेनिट हा एसएलआर, म्हणजे आरशाच्या मदतीने लेन्समधूनच बघायचा; दोघांचेही आटे 39 मिमीचे. झोर्कीची 50 मिमी लेन्स झेनिटवर मस्त फिरते, घट्ट बसते. पण माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर झोर्कीत 28.8 मिमी, झेनिटमध्ये 45.2. जास्तीचे 16.4 मिमी आरशाला हलायला ठेवलेले. परिणाम असा की फोकस इन्फिनिटीला लावला तरी स्पष्ट दिसतं ते लेन्सपुढे वीतभर अंतरावरचं. डायवरचा चरा टिपायला हा जुगाड चालून जाईल, दुर्गादेवी टेकडीवरून निगडी टिपायला नाही.

खरी भानगड आहे ती या आरशाचीच.

‘वाइड लेन्स म्हणजे रेंजफाइंडरच’ हे एकेकाळी खरंही होतं. वाइड लेन्सचं मागचं टोक फिल्मच्या जवळ जावं लागतं आणि वाटेत आरसा आडवा येतो. 1959 मध्ये निकॉन एफ आला, त्याची सुरुवातीची 21 मिमी लेन्स इतकी आत घुसायची की आरसा वर अडकवून वेगळ्या व्ह्यूफाइंडरमधून बघावं लागे. मग एसएलआर घेतला कशाला? तोडगा मात्र त्याआधीच निघाला होता: आँजेन्यूची 1950 ची रेट्रोफोकस रचना, जिच्यात लेन्स आरशापासून लांब राहते. पुढे वाइड लेन्सेस याच वाटेने गेल्या आणि हा मुद्दा निम्मा निकालात निघाला. निम्माच. एसएलआरमध्ये वाइडला सगळंच स्पष्ट भासतं, रेंजफाइंडरची अचूकता लेन्सप्रमाणे बदलत नाही. आकुर्डीत तुकोबांची पालखी मुक्कामाला येते तेव्हा 35 मिमी लावून गर्दीत शिरायचं असेल, तर मी रेंजफाइंडरच घेईन. त्याच्या खिडकीत चौकटीबाहेरचंही दिसतं, म्हणून चौकटीत कोण घुसतंय, ते आधीच कळतं.

‘लायका म्हणजे कुठल्याही लेन्सला उत्तम’ हे मात्र साफ चूक. 1954 च्या लायका एम3 या रेंजफाइंडरच्या खिडकीत चौकटी होत्या 50, 90 आणि 135 मिमी लेन्सच्या. त्यापुढच्या लेन्सेससाठी लायकानेच व्हिझोफ्लेक्स नावाची आरशाची पेटी विकली, म्हणजे रेंजफाइंडरचा एसएलआर करून टाकला! पवनेकाठचे पक्षी किंवा मशीनवरच्या जॉबचा क्लोजअप हवा असेल तर डोळे झाकून एसएलआर घ्यावा.

आरसाच नसलेल्या मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यांवर दोन्हीकडच्या लेन्सेस अडॅप्टर लावून बसतात, कारण सोनीच्या ई माउंटचं अंतर जेमतेम 18 मिमी. पण रेंजफाइंडरच्या जुन्या वाइड लेन्समधून निघालेला प्रकाश सेन्सरच्या कोपऱ्यांवर फार तिरका पडतो. कोपरे मऊ होतात, कधी गुलाबी छटा मारतात. आरशाला जागा देण्यासाठी लांब सरकवलेली एसएलआरची वाइड लेन्स तिथे जास्त सरळ वागते.