गिरकी न घेणारे विमान की गिरकीतून सुटणारे?

नामपूरच्या शिवारात कांद्याला पाणी सोडले, की गायबगळे उतरू लागतात. जमिनीपासून हातभर अंतरावर येताच बगळा अंग उभे धरतो, पंख वाऱ्याला आडवे करतो आणि पुढच्याच क्षणी पाय टेकतो. वैमानिकांच्या भाषेत त्याने 'स्टॉल' केलेला असतो. पक्ष्याची ही सोय विमानाच्या बाबतीत दोनशे फुटांवर नकळत घडली, तर जिवावर बेतते.

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे, हा समज मोटारीमुळे रूढ झाला. येथे इंजिनाचा संबंध नाही. पंख व समोरून येणारी हवा यांतील कोन साधारण पंधरा अंशांपलीकडे गेला, की पंखाच्या वरच्या अंगाला चिकटून वाहणारी हवा सुटते आणि उचल एकाएकी घटते. पृष्ठभागापासून प्रवाह का सुटतो, याचे शास्त्र जर्मन संशोधक लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ साली मांडले. हा कोन कोणत्याही वेगाला ओलांडता येतो. उंची न गमावता साठ अंश कलून वळणाऱ्या विमानाचा स्टॉलचा वेग तर सरळ उड्डाणाच्या तुलनेत सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो.

गिरकी हे त्याच्या पुढचे पाऊल होय. एक पंख आधी पडला, की पडताना त्याचा कोन आणखी वाढतो, त्याची उचल आणखी घटते आणि विमान त्या बाजूला गरगरत खाली येऊ लागते. पडणारा पंख उचलण्यासाठी हात आपोआप स्टिक विरुद्ध बाजूला नेतो. नेमके तेच घातक ठरते, कारण त्यामुळे पडलेल्या पंखाचा कोन वाढतोच. ब्रिटिश नौदलाचा वैमानिक विल्फ्रेड पार्क याने २५ ऑगस्ट १९१२ रोजी जमीन अगदी जवळ आली असता सुकाणू गिरकीच्या उलट दिशेला दाबले आणि तो वाचला. उलट सुकाणू, मग स्टिक पुढे, हा धडा आजही जवळजवळ तसाच शिकवला जातो.

मग गिरकीच न घेणारे विमान का बनवू नये? अमेरिकेत फ्रेड वीक यांनी १९३७ साली उडवलेल्या 'एरकूप'ने ते करून दाखवले. त्यात सुकाणूचे पेडल नव्हते आणि नाक वर उचलण्यावर मर्यादा घातली होती. विमान सुरक्षित होते. पण त्यावर शिकलेल्याला गिरकीतून सुटणे कसे कळणार?

प्रशिक्षणासाठी वेगळा गुण लागतो. विमानाने आधी सूचना द्यावी, गिरकीत जावे आणि योग्य कृती करताच हमखास बाहेर यावे. १९३१ च्या टायगर मॉथला वरच्या पंखांवर आपोआप उघडणाऱ्या पट्ट्या होत्या. त्यांमुळे स्टॉल सौम्य होई. तरी महायुद्धाच्या काळात गिरकीतून सुटणे खात्रीचे व्हावे म्हणून शेपटीच्या पुढे जादा पट्ट्या बसवाव्या लागल्या. शेपटीकडचा थोडासा पत्राही किती मोलाचा असतो, ते यावरून दिसते.

टायगर मॉथची जागा भारतात 'एचटी-२'ने घेतली. डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आखलेले हे विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी प्रथम उडाले. घाटगे हे खुद्द प्रांट्ल यांचे गटिंगेनमधील विद्यार्थी, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. पुढे १९५८ साली फ्लाइंग क्लबांसाठी आलेले 'पुष्पक' तर अगदी साधे होते. त्याचे पंख जवळजवळ एकसारख्या रुंदीचे होते. अशा पंखात स्टॉल बहुधा बुंध्यापाशी सुरू होतो. टोकाकडचे एलेरॉन काही काळ हाताशी राहतात आणि खवळलेली हवा शेपटीवर आदळून स्टिक थरथरते. टोके निमुळती केली तर स्टॉल टोकापासून सुरू होण्याचा धोका असतो. त्यासाठी पंखाला किंचित पीळ द्यावा लागतो.

ही थरथर जुन्या विमानात बरेचदा एकमेव इशारा असे. गिरकीचा सराव काही हजार फुटांवर होतो. धावपट्टीकडे वळताना मात्र शेवटच्या वळणावर हातात जेमतेम काहीशे फूट असतात. वळण चुकते आहे असे वाटून वैमानिक सुकाणू जास्त दाबतो, नाक वर ओढतो, आणि आतला पंख पडतो.