चढावरच एसी का रुसतो?



गेल्या पालकसभेनंतर मुख्याध्यापक सरांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, "तुम्ही याच शाळेत शिकलात, आता उद्यमबागेत गॅरेज चालवता. आपल्या बऱ्याच पालकांचा गाडीचा धंदा आहे. त्यांच्या उपयोगी पडेल आणि मुलांनाही विज्ञान कळेल असे काहीतरी वार्तापत्रासाठी लिहा." माझ्या हाताला पान्याची सवय, पेनाची नाही. तरीही सरांना नाही म्हणणे जमले नाही. तेव्हा या दिवाळीनंतर माझ्याकडे आलेल्या एका गाडीची हकीकत सांगतो.

गाडी आपल्याच शाळेच्या एका पालकांची. सात वर्षांची, सहा चाकी, सेकंडहँड, एसी केबिनची. काम रोजचेच, रात्री बेळगावातून भाजी भरून गोव्याला जायचे आणि दुपारपर्यंत परत यायचे. तक्रार मात्र चमत्कारिक होती. साखळीपर्यंत एसी बर्फासारखा गार. केरी सोडून चोर्ला घाटाचा चढ लागला की जाळीतून गरम हवा. वर चढून कणकुंबी आली की पुन्हा गार! त्यांनी एका ठिकाणी दोन वेळा गॅस भरून घेतला होता. पैसे गेले, गुण आला नाही. तिसऱ्या वेळी तिथल्या माणसाने वेगळाच उपाय सुचवला, "एक स्विच मध्येच कंप्रेसर बंद करतो. त्याची वायर डायरेक्ट करून देतो, मग बघा कसा चालतो ते."

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. का, ते पुढे येईलच.

वडिलांबरोबर आठवीतला मुलगा आला होता. दिवाळीच्या सुटीत तो दोन खेपा गाडीबरोबर जाऊन आला होता. त्याने वहीत लिहून ठेवले होते : एसी कुठे बंद झाला, तेव्हा गाडी कितव्या गिअरमध्ये होती, इंजिनाच्या तापमानाचा काटा कुठे होता. दोन्ही वेळा काटा नेहमीच्या जागेपेक्षा दोन बोटे वर होता. लाल पट्ट्यात गेला नव्हता, म्हणून वडिलांनी लक्ष दिले नव्हते. निम्मे निदान त्या वहीतच झाले होते.

एसीचा बिघाड आणि इंजिन गरम होण्याचा बिघाड असे दोन वेगळे खाते आपण मानतो. गाडीत मात्र ते शेजारी-शेजारी राहतात. समोरच्या जाळीमागे आधी एसीचा कंडेन्सर असतो आणि त्याच्या पाठीला पाठ लावून इंजिनाचा रेडिएटर. केबिनमधली उष्णता कंडेन्सर बाहेर टाकतो, इंजिनाची उष्णता रेडिएटर टाकतो, आणि दोघांना वारा एकच. तो वारा अडला की दोघेही आजारी पडतात. चढावर इंजिन पूर्ण ताकद लावते, गाडीचा वेग मात्र कमी असतो. म्हणजे उष्णता जास्त आणि वारा कमी. अशा वेळी इंजिन तापू लागले, किंवा एसीच्या नळ्यांतला दाब फार वाढला, की गाडी स्वतःच कंप्रेसर बंद करते. त्यामुळे इंजिनावरचा भार थोडा हलका होतो. चढ संपला की पुन्हा सुरू करते. आपल्याला वाटते एसी बिघडला. खरे तर एसी इंजिनासाठी बाजूला झालेला असतो. त्या स्विचची वायर डायरेक्ट केली असती तर केबिन गार राहिली असती आणि घाटातच कधीतरी इंजिन धरले असते. हप्ते फिटायचे असलेल्या गाडीचे इंजिन धरणे म्हणजे काय, हे या अंकाच्या पुष्कळ वाचकांना सांगायला नको.

केबिन उचलून बॅटरीच्या उजेडात पाहिले. कंडेन्सर पुढून स्वच्छ दिसत होता. पण तो आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ, किडे आणि भाजीचा पाला यांचा नमदाच बसला होता. पुढून पाणी मारून तो निघत नाही, आणखी आत जातो. दोघांना सुटे करून मागच्या बाजूने हलक्या धारेने धुवावे लागते. जोराची धार मारली तर ॲल्युमिनियमच्या पातळ पापण्या मुडपतात आणि उरलासुरला वाराही बंद होतो. दुसरा दोष पंख्यात होता. अशा गाड्यांच्या पंख्यात सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. गरम झाल्यावर त्याने पंख्याला घट्ट धरायचे असते. याच्या क्लचातून तेल झिरपून गेले होते. इंजिन चांगले तापलेले असताना बंद करून हाताने पंखा फिरवला, तर तो गिरकी घेत राहिला. निरोगी पंखा अशा वेळी जडपणे फिरून लगेच थांबतो. (इंजिन चालू असताना पंख्याजवळ हात नेऊ नये, हे मुलांसाठी वेगळे सांगतो.)

आणि तो दोनदा भरलेला गॅस? तो जास्त झाला होता. किती ग्रॅम गॅस हवा हे गाडीवरच्या स्टिकरवर छापलेले असते आणि तो वजन करून भरायचा असतो. जास्त भरला की दाब वाढतो, कंडेन्सर अधिक तापतो आणि ती गरम हवा मागच्या रेडिएटरच्या तोंडावर जाते. म्हणजे पैसे देऊन दुखणे वाढवून घेतले होते. शिवाय हा गॅस म्हणजे आर-134ए. ओझोनच्या थराला तो धोका करत नाही, पण हवेत सुटला तर पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून भारी आहे. गॅस कमी झाला असेल तर तो कुठून गेला हे आधी शोधले पाहिजे. नळीच्या सांध्यावर तेलकट डाग दिसला तर बहुधा चोर तिथेच असतो.

आता जुनी गाडी पाहायला जाणाऱ्या पालकांसाठी थोडे. सकाळी, गाडी थंड असताना जा. आधीच सुरू करून तापवून ठेवली असेल तर मनात प्रश्न येऊ द्या. थंड इंजिनाचे टोपण उघडून पाहा. पाणी गंजकट तांबडे असेल तर मालकाने कुलंट न घालता नुसते नळाचे किंवा बोअरचे पाणी वापरले आहे. बोअरचे पाणी जड असते. चहाच्या पातेल्याच्या तळाशी जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. दहावीच्या मुलांनी त्याचे रासायनिक नाव सांगावे. पाण्यावर तेलाचा तवंग, किंवा तेलाच्या टोपणाखाली ताकासारखा पांढरा फेस दिसला तर हेड गॅस्केटची शंका घ्या. थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा हौज पाइप दगडासारखा कडक झाला, तरीही तीच शंका. पाणी तापण्याआधीच दाब आला, म्हणजे तो सिलिंडरातून आला.

मग गाडी चालवा. उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर थंड राहते, तर पंखा बघा. उभी असताना ठीक पण वजन घेऊन चढावर तापते, तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून तुंबलेला असण्याचा संभव जास्त. सुरू करून थोड्याच वेळात तापली आणि रेडिएटरचा पाइप गारच, तर थर्मोस्टॅट उघडत नाही. काटा कितीही चालवले तरी वर येतच नाही, तर खूश होऊ नका. आपल्याकडे थर्मोस्टॅट काढून फेकण्याची वाईट खोड आहे. इंजिनाला साधारण 80 ते 90 अंश तापमान हवे असते. सदा थंड राहिलेले इंजिन डिझेल जास्त पिते आणि झिजतेही लवकर.

काट्याबद्दल आणखी एक. तापलेल्या गाडीचा काटा एकाएकी खाली आला तर गाडी थंड झाली असे समजू नका. सगळे पाणी निघून गेले की सेन्सर कोरडा पडतो आणि खोटे सांगू लागतो.

एसीच्या खोड्याही अशाच बोलक्या असतात. कंप्रेसरचा क्लच घडीघडीला टकटक करत लागतो-सुटतो, तर गॅस कमी असण्याची शक्यता. तासभर छान गार, मग वारा कमी कमी होत जातो आणि एसी बंद करून थोड्या वेळाने परत लावला की ठीक, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो आहे. पायाशी पाणी साचले तर बोट लावून पाहा. साधे पाणी असेल तर बाहेर जाणारी नळी तुंबली आहे. बुळबुळीत आणि गोडसर वासाचे असेल तर ते कुलंट आहे, हीटरची कॉइल फुटली आहे. चव घेऊ नका. कुलंट गोड असते आणि विषारी असते. जमिनीवर सांडलेले कुत्री-मांजरे चाटतात आणि मरतात. कधी हीटरचा वॉल्व पूर्ण मिटत नाही आणि एसीच्या थंड हवेत गरम पाण्याची कॉइल शेक देत बसते. हीटरचा पाइप जरा दाबून धरला आणि हवा गार झाली, तर दोष सापडला.

2025 सालापासून नव्या मध्यम आणि अवजड मालमोटारींच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. चालकांच्या दृष्टीने ही फार चांगली गोष्ट झाली. पण काही वर्षांनी याच गाड्या सेकंडहँड बाजारात येतील, तेव्हा या खोड्या घराघरांत पोचतील.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे रेडिएटरचे टोपण. गाडी गरम असताना ते उघडू नये, ओल्या फडक्यानेही नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी 97-98 अंशांवरच उकळते. बंद टोपणाखाली दाब असल्याने ते 110 अंशांवरही उकळत नाही. टोपण फिरवताच दाब जातो आणि ते सारे एका क्षणात उसळते. प्रेशर कुकरची शिट्टी न काढता झाकण उघडण्यासारखेच. माझ्या उजव्या मनगटावरचा डाग पाहून मुले विचारतात, तो मी शिकाऊ असतानाचा आहे. घाटात काटा चढू लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि इंजिन थोडा वेळ सावकाश चालू द्या. तरीही काटा चढतच राहिला तर बंद करा. मग अर्धा-पाऊण तास काहीही उघडू नका. चहा प्या.

त्या गाडीचे पुढे असे झाले : रेडिएटर धुतला, पंख्याचा क्लच बदलला, निम्मे कुलंट आणि निम्मे बॅटरीचे पाणी घातले, गॅस काढून वजनाने भरला. पुढच्या खेपेला मुलाने वडिलांजवळ थर्मामीटर आणि वही दिली. केरी ते चोर्ला चढताना जाळीतली हवा 11 ते 13 अंशांवर राहिली आणि काटा जागचा हलला नाही. थर्मामीटर शाळेच्या प्रयोगशाळेतला होता, पाऱ्याचा नव्हे, लाल अल्कोहोलचा. तो परत केला आहे. विज्ञानाच्या बाईंनी रजिस्टरमध्ये नोंद करून घ्यावी.