बंद जनुकाचा खटका

पीण्या म्हणजे बंगळूरची भोसरी. तुमकूर रस्त्यालगत लेथ, टूलरूम, पावडर कोटिंगच्या शेडची दाटी. याच भागात ‘बंगलोर जीनी’ ही कंपनी डीएनए कापणारी आणि डीएनएच्या प्रती काढणारी एन्झाइम बनवत आली. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये जनुकांवर संशोधन केलेल्या डॉ. पी. बाबू यांनी ती १९८९ मध्ये सुरू केली.

पीसीआर चाचणीत लागणारं ‘टॅक’ हे असंच एक एन्झाइम. ते मूळचं यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या जिवाणूचं. आता त्याचं जनुक ई. कोलाय या साध्या जिवाणूत घालून ते बनवण्याची रीत आहे. पण जनुक घातलं म्हणजे एन्झाइम मिळालं, असं होत नाही. जनुक नुसतं असून भागत नाही, ते वाचलं जावं लागतं.

वाचायचं की नाही, हे ठरवणारा खटका फ्रान्समध्ये झाकोब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये उलगडून दाखवला. जनुकाच्या तोंडाशी, डीएनएच्या जेमतेम वीस-एकवीस अक्षरांवर, एक प्रथिन बसून राहतं आणि वाचणाऱ्या यंत्रणेची वाट अडवतं. ई. कोलायचा डीएनए ४६ लाख अक्षरांचा. नैसर्गिक पेशीत हे अडवणारे रेणू असतात साधारण दहा. एवढ्या अक्षरांत त्यांना आपली जागा अचूक सापडते! दुधातली साखर आली की तिच्यापासून बनलेला रेणू त्या प्रथिनाला चिकटतो, त्याचा आकार बदलतो, ते सुटतं आणि जनुक वाचलं जाऊ लागतं. टॅकचं जनुक अशाच खटक्यामागे बसवतात आणि प्रयोगशाळेत साखरेऐवजी आयपीटीजी हे रसायन घालतात. जिवाणूला ते पचवता येत नाही, म्हणून खटका चालूच राहतो. काही तासांनी पेशी फोडून द्रव सत्तर-पंचाहत्तर अंशांवर तापवला, की जिवाणूची स्वतःची बहुतेक प्रथिनं दूध फाटावं तशी साकळतात. टॅक मात्र गरम झऱ्याचं. ते वरच्या निवळीत शाबूत राहतं.

असे खटके आपल्यातही आहेत, फार गुंतागुंतीचे. गर्भात असताना आपण वेगळं हिमोग्लोबिन बनवतो. जन्मानंतर काही महिन्यांत त्याचं जनुक जवळजवळ बंद होतं आणि प्रौढ हिमोग्लोबिनचं जनुक जोमाने चालू होतं. विदर्भात, नंदुरबारमध्ये अनेक घरांना ठाऊक असलेला सिकलसेल याच प्रौढ जनुकातला दोष. ‘जीएजी’च्या जागी ‘जीटीजी’, एवढंच. एका अक्षराने एक अमिनो आम्ल बदलतं, ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. जन्मतः बाळाला त्रास नसतो, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन अजून भरपूर असतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने मान्यता दिलेला सिकलसेलवरचा जनुकोपचार मला म्हणूनच विलक्षण वाटतो. तो चुकलेलं अक्षर दुरुस्त करत नाही. रक्त बनवणाऱ्या पेशींतला बीसीएल११ए या अडवणाऱ्या प्रथिनाचा खटका तो मोडतो, आणि बाळपणी मिटलेलं जनुक पुन्हा वाचलं जाऊ लागतं.

हा उपचार अतिशय महाग आहे, सिकलसेलची रक्तचाचणी मात्र तशी नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. तुमच्या पट्ट्यात सिकलसेल असेल, तर लग्नाआधी दोघांनीही सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या.