मिठाच्या पैशातला वाडा

पॅरिसच्या मारे भागात, तोरिन्यी रस्त्यावर, पाच क्रमांकाचा दिंडीदरवाजा ओलांडला की मोठे अंगण लागते आणि समोर ओतेल साले दिसतो. ‘ओतेल’ म्हणजे धनिकाचा शहरातला वाडा, आणि ‘साले’ म्हणजे खारट. मालकाला टोमणा म्हणून पडलेले हे नाव मालक गेल्यावरही टिकले.

मालक होता पिएर ओबेर द फोंतने. गाबेल, म्हणजे मिठावरचा कर, वसूल करण्याच्या मक्त्यात तो गब्बर झाला. लोकांना या कराची चीड होती. अनेक प्रांतांत सरकारने ठरवलेले मीठ गरज असो वा नसो, घ्यावेच लागे. दर एका प्रांतात कमी तर शेजारच्या प्रांतात कित्येक पट, म्हणून मिठाची चोरटी वाहतूक चाले आणि पकडलेल्यांना जबर शिक्षा होत. त्या वसुलीच्या पैशातून वास्तुविशारद झाँ बुलिए याने 1656 ते 1659 या काळात हा वाडा उभा केला.

पुढे अंगण, मागे बाग आणि मधोमध राहते घर ही पॅरिसच्या वाड्यांची ठरलेली रीत. बुलिएने मात्र घराला खोल्यांची एकच रांग न ठेवता पाठीला पाठ लावून दोन रांगा केल्या. त्यामुळे जागा ऐसपैस झाली. पण वाड्याचे वैभव पाहायचे ते जिन्यात. रुंद दगडी पायऱ्या, लोखंडी कठडा, आणि वर मान केली की भिंतीभर गिलाव्यातली शिल्पे: फुलांच्या माळा धरलेली बालके, पंजात वीज पकडलेले गरुड, कोरिंथियन अर्धस्तंभ. मार्तां देजार्दां आणि मार्सी बंधूंचे हे काम. पाहुण्याला दिवाणखान्यात पोहोचण्याआधीच दिपवून टाकायचे, हा हेतू इथे लपत नाही.

हे वैभव ओबेरला फार दिवस लाभले नाही. त्याचा पाठीराखा, अर्थखात्याचा प्रमुख निकोला फुके, 1661 साली चौदाव्या लुईच्या हुकमावरून कैद झाला आणि त्याच्याबरोबर ओबेरही बुडाला. नंतर वाड्यात व्हेनिसचा राजदूत राहिला. फ्रेंच राज्यक्रांतीत वाडा जप्त झाला, पुढे तिथे निवासी शाळा भरली. कादंबरीकार बाल्झाक तिचा विद्यार्थी. 1829 ते 1884 या काळात एकोल सांत्राल हे अभियांत्रिकी महाविद्यालय इथे होते. गुस्ताव्ह आयफेल 1855 साली तिथूनच पदवी घेऊन बाहेर पडला. पुढे जगभर गाजलेल्या लोखंडी मनोऱ्यामागचा माणूस रोज या वाड्यात ये-जा करत होता, हे आवर्जून सांगावेसे वाटते.

इतक्या भाडेकरूंनी वाड्याची दशा व्हायची ती झालीच. पॅरिस नगरपालिकेने 1964 साली तो विकत घेतला आणि 1968 साली तो संरक्षित ऐतिहासिक वास्तू ठरला. योगायोग असा की वारसाकर रोख पैशाऐवजी कलाकृती देऊन फेडण्याची मुभा देणारा कायदाही फ्रान्सने त्याच वर्षी केला. 1973 साली चित्रकार पिकासो वारला आणि त्याच्या वारसांनी याच कायद्याने कर भरला. सरकारला 203 चित्रे आणि 158 शिल्पे मिळाली, रेखाटनांचे ढीग वेगळेच. मिठाच्या कराने बांधलेले घर अशा रीतीने दुसऱ्या एका कराने भरले.

सतराव्या शतकातल्या दालनांत विसाव्या शतकातली चित्रे लावायची म्हणजे अवघड काम. वास्तुविशारद रोलां सिमुने याने जुन्या नक्षीला धक्का न लावता आत कोऱ्या पांढऱ्या भिंती आणि उतरते मार्ग बसवले. दिवे, खुर्च्या, बाकडी शिल्पकार दिएगो जाकोमेत्तीने घडवली. 1985 साली वाड्यात पिकासो संग्रहालय उघडले. पुढे मोठे नूतनीकरण होऊन 25 ऑक्टोबर 2014 रोजी, म्हणजे पिकासोच्या जन्मदिवशी, ते पुन्हा खुले झाले. त्या वेळी माळ्यावरच्या लाकडी तुळयांखाली पिकासोने स्वतः जमवलेली चित्रे मांडली गेली. सेझान, मातीस, ब्राक यांची.