शेवटून पहिला!

‘‘काय रे, वर्गात कितवा आलास?’’

‘‘पहिला!’’

‘‘अरे वा!’’

‘‘...शेवटून!’’

हा विनोद आपल्या आजोबांच्या वेळेपासून चालत आलाय. पण दोस्तांनो, एका संघाच्या बाबतीत तो विनोद नव्हता, खरंच तसं घडलं होतं. तेही एकदा नाही, लागोपाठ दोनदा! संघाचं नाव पुणेरी पलटण. खेळ आपला मातीतला, कबड्डीचा. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हा लीगमध्ये आठ संघ होते. पलटण आठवी. २०१५ साली दुसरा मोसम झाला. पलटण पुन्हा आठवी!

आणि याच पलटणीनं १ मार्च २०२४ च्या रात्री हैदराबादला करंडक उचलला.

त्या रात्री मी नांदेडला बहिणीकडं होतो. लातूरहून दुपारची एसटी धरली आणि अहमदपूर, लोहा करत दिवेलागणीला पोचलो. घरात पाऊल टाकलं तर वातावरण एकदम तंग. थोरल्या भाच्याचा दहावीचा पहिला पेपर त्याच दिवशी झाला होता. त्यामुळं टीव्ही बंद, मोठ्यानं बोलणं बंद, कुकरच्या शिट्टीलासुद्धा परवानगी लागत होती म्हणा ना! धाकटी भाची, सातवीतली, कोपऱ्यात फुगून बसलेली. तिचं कारण वेगळंच होतं.

‘‘मामा, मी कबड्डी सोडून द्यायलेय.’’

‘‘का गं?’’

‘‘सारखं हरायलोत आम्ही. शाळांच्या स्पर्धेत पहिल्याच सामन्यात वीस गुणांनी हरलो. वीस! आन् आई म्हणायली, आता ट्यूशन लाव.’’

‘‘मग काय चुकीचं बोलले मी?’’ आतून बहिणीचा आवाज आला. ‘‘तूच सांग दादा, हरण्यासाठी रोज संध्याकाळी गुडघे फोडून यायचं का?’’

आता आमच्या लातूर-नांदेडकडं ट्यूशन हा शब्द कसा उच्चारतात, ते बाहेरच्यांना नाही कळायचं. ‘लातूर पॅटर्न’चं नाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. संध्याकाळी पाच ते आठ ही वेळ खेळाची असते, हे इथल्या बऱ्याच मुलांना केवळ ऐकून माहीत असतं! मी वादात पडलो नाही. एवढंच म्हणालो, ‘‘आज कबड्डीची फायनल आहे. आवाज बंद करून लावूया का?’’ पुष्कळ वाटाघाटी झाल्या आणि टीव्ही लागला. मुका टीव्ही. कॉमेंटेटरचं काम अर्थातच माझ्याकडं आलं, तेही कुजबुजत!

भाचीला मी जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो.

दोनदा शेवटून पहिली आलेली पलटण २०१६ साली एकदम उसळली. मनजीत छिल्लर नावाचा जबरदस्त खेळाडू कप्तान म्हणून आला. त्या वर्षी लीगचे दोन मोसम झाले आणि दोन्हींत पलटण तिसरी आली. झालं, आता काय, पुढच्या वर्षी पहिली, असंच सगळ्यांना वाटलं असणार. पण कुठलं काय! २०१७ साली संघ बाद फेरीत पोचला आणि तिथंच हरला. २०१८ साली तेवढंही जमलं नाही. २०१९ साली तर बारा संघांत दहावा नंबर. म्हणजे शिडी चढून वर गेले आणि सापानं गिळलं.

मग आला कोरोना. डिसेंबर २०२१ मध्ये लीग पुन्हा सुरू झाली, ती बेंगळुरूला आणि प्रेक्षकांशिवाय. पलटणीचा प्रशिक्षक होता भारताचा माजी कप्तान अनुप कुमार. नावाजलेले चढाईपटू संघात होते. पण त्या मोसमात चमकली ती दोन नवखी पोरं. एक मोहित गोयत आणि दुसरा अस्लम इनामदार. अस्लम आपल्या शेजारचा, नगर जिल्ह्यातला. त्या जिल्ह्याची शीव आपल्या बीडला लागते. पलटण सहावी आली, कशीबशी बाद फेरीत शिरली आणि पहिल्याच सामन्यात उत्तर प्रदेशाच्या संघाकडून हरली.

‘‘म्हणजे पुन्हा हरलेच की!’’ भाची म्हणाली.

हरलेच. पण आता नीट ऐका, कारण खरी गंमत पुढच्या मोसमाची आहे.

२०२२ चा ऑक्टोबर. प्रशिक्षक नवा, बी. सी. रमेश. याच प्रशिक्षकानं २०१९ मध्ये बंगालच्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिलं होतं. कप्तान इराणचा फझल अत्राचली, पकडीचा बादशहा. सगळी तयारी जय्यत. पहिला सामना पाटण्याशी, ३४-३४, बरोबरी! दुसरा बेंगळुरूशी, ३९-४१, दोन गुणांनी हार. तिसराही गेला. तीन सामने आणि एकही विजय नाही. चौथ्या सामन्यात तेलुगू टायटन्सशी गाठ पडली आणि पलटण जिंकली. कितीनं? २६-२५. एका गुणानं!

इथं थोडं गणित आलं. घाबरू नका, सोपं आहे. त्या मोसमात प्रत्येक संघाला साखळीत २२ सामने खेळायचे होते. जिंकलात तर ५ गुण, बरोबरी झाली तर ३. हरलात तर शून्य... पण थांबा! सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकानं हरलात, तर हरूनही १ गुण मिळायचा. मला हा नियम फार आवडायचा. विचार करा, तीन मिनिटं उरलीत आणि तुम्ही बारा गुणांनी मागं आहात. सामना तर गेलाच. आपल्या शाळेच्या मैदानावर अशा वेळी काय होतं? पोरं कमरेवर हात ठेवून उभी राहतात, चढाईला जाणारा निदानरेषेला पाय लावून परत येतो. पण या नियमात तसं करून चालायचं नाही. बाराचे सात करायचे, म्हणजे अजून पाच गुण पाहिजेत. एक बोनस मिळवा, एक पकड करा, तीनच गडी उरले असतील तर अव्वल पकड करा, तिचे दोन मिळतात. हरता हरता खेळत राहायचं! (२०२५ च्या मोसमात हा नियम काढून टाकला. जिंकला तर २, हरला तर शून्य, विषय संपला. मला विचाराल तर वाईट केलं.)

बेंगळुरूकडून दोन गुणांनी हरल्यावर पलटणीला असाच १ गुण मिळाला होता. बरोबरीचे ३ धरून पहिल्या दोन सामन्यांतून ४ गुण. दिसायला एकही विजय नाही, पण पदरात काहीतरी पडत होतं. पुढं विजय येत गेले. अस्लम, मोहित, आकाश शिंदे हे तरुण चढाईपटू एकमेकांचं ओझं वाटून घेत होते. फझलनं तर त्याच मोसमात लीगमधल्या सर्वाधिक पकडींच्या गुणांचा विक्रम मोडला. विक्रम कुणाचा होता माहितीये? मनजीत छिल्लरचा, पलटणीच्या जुन्या कप्तानाचा!

साखळी संपली तेव्हा पलटण दुसरी होती. १४ विजय, २ बरोबऱ्या, ६ पराभव, एकूण ८० गुण. करा बेरीज. विजयांचे ७०, बरोबऱ्यांचे ६, झाले ७६. मग वरचे ४ कुठून आले? बरोबर! सहांपैकी चार पराभव सात गुणांच्या आतले होते. जयपूरचा संघ ८२ गुणांवर पहिला.

उपांत्य सामन्यात तमिळ थलैवाजला ३९-३७ असं हरवून पलटण पहिल्यांदाच अंतिम फेरीत गेली. पण ऐन वेळी अस्लम आणि मोहित दोघेही जखमी होऊन बाहेर. १७ डिसेंबर २०२२, मुंबई. जयपूर ३३, पुणे २९. चार गुणांनी करंडक हुकला.

त्यानंतर पलटणीनं जे केलं, ते मला सगळ्यांत धाडसाचं वाटतं. अंतिम फेरीपर्यंत नेणारा कप्तान फझल याला त्यांनी सोडलं, तरुण पोरांना धरून ठेवलं आणि कप्तानपद दिलं अस्लमला! मधल्या काळात अस्लम आणि आकाश भारताकडून चीनमधल्या हांगझोऊ आशियाई खेळांत गेले. ७ ऑक्टोबर २०२३ ला अंतिम सामना इराणशी झाला. नियमाच्या वादावरून तो बराच वेळ थांबला, पंचांचे निर्णय उलटसुलट झाले आणि शेवटी भारतानं सुवर्णपदक जिंकलं. कितीनं? ३३-२९! बघा, तोच आकडा. मुंबईत जो उलटा पडला होता, तो चीनमध्ये सुलटा पडला. समोर इराणच्या संघात मोहम्मदरझा शादलुई नावाचा आडदांड पकडवीर होता. दोन-तीन दिवसांतच मुंबईत लीगचा लिलाव झाला आणि २ कोटी ३५ लाख रुपये मोजून शादलुईला घेतलं कुणी? पुणेरी पलटणीनं! परवाचा शत्रू आजचा जोडीदार.

आता एक कोडं. २०२३-२४ च्या या मोसमात पलटण साखळीत पहिली आली. शेवटून नव्हे, वरून! २२ सामने, १७ विजय, ३ बरोबऱ्या, फक्त २ पराभव. एकूण गुण ९६. त्या दोन पराभवांबद्दल तुम्हाला काय सांगता येईल? कागद घ्या. (उत्तर भाचीनं तोंडी सांगितलं होतं, तेव्हा तुम्हालाही जमायला हवं.)

आणखी एक लक्षात घ्या. त्या मोसमात चढाईचे सगळ्यात जास्त गुण मिळवणारा खेळाडू दिल्लीचा आशू मलिक होता, पलटणीचा नव्हे. पलटणीत एकाच्या जिवावर काही चालत नव्हतं. अस्लम बाद झाला तर मोहित, मोहित बाहेर तर पंकज मोहिते, नाहीतर आकाश. पुन्हा चढाईवाले पकडीलाही उतरायचे.

उपांत्य सामन्यात पाटण्याला त्यांनी ३७-२१ असं लोळवलं. आणि मग ती १ मार्चची रात्र. समोर हरियाणा स्टीलर्स. सामना चिवट. कोणी धोका पत्करायला तयार नाही, तिसरी चढाई ‘गुण घे नाहीतर बाद हो’ अशी असते, तीवर सगळा खेळ चाललेला. मध्यंतराच्या थोडं आधी पंकज मोहिते चढाईला गेला. हरियाणाची पोरं त्याच्यावर तुटून पडली आणि तो घसटत, ओढत मध्यरेषेला पोचला. एका चढाईत चार गुण!

मी तोंडावर हात दाबून ओरडलो. भाचीनं उशी चावली. पण घर दणाणलं ते आतल्या खोलीतून आलेल्या आरोळीनं. दहावीचा परीक्षार्थी दाराच्या फटीतून केव्हापासून सामना बघत उभा होता! बहीण कपाळाला हात लावून बसली. मग म्हणाली, ‘‘आता आवाज वाढवा तेवढा.’’

मध्यंतराला १३-१०. शेवटी २८-२५. पलटण विजेती. पंकजचे ९ गुण, अस्लम मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, शादलुई सर्वोत्तम बचावपटू.

‘‘मामा, पुण्याचा संघ आहे, मुंबईचा आहे. आपला का नाही?’’ झोपताना भाचीनं विचारलं. खरं आहे, लीगमध्ये मराठवाड्याचा संघ नाही. पण तरुण खेळाडूंसाठी युवा कबड्डी सिरीज होते. तिच्या २०२३ च्या महाराष्ट्रातल्या स्पर्धेत नांदेड चंबळ चॅलेंजर्स आणि लातूर विजयनगर वीर्स असे संघ होते. चंबळ आणि विजयनगर कुठून आलं ते विचारू नका, पण पुढची नावं आपलीच! ‘‘आणि मुलींचा?’’ हा तिचा पुढचा प्रश्न. २०१६ साली तीन संघांची मुलींची स्पर्धा प्रो कबड्डीबरोबर झाली होती, पुढं ती बंद पडली. हे सांगताना मलाच वाईट वाटलं.

पलटणीचं पुढं काय झालं? पुढच्याच मोसमात शादलुई हरियाणाकडं गेला, अस्लमचा गुडघा दुखावला आणि विजेती पलटण आठवी आली. डिसेंबर २०२४ ची फायनल पुण्यातच, बालेवाडीला झाली आणि तिथं करंडक उचलला हरियाणानं! यजमान घरात नव्हतेच. २०२५ मध्ये मात्र पलटण पुन्हा अंतिम फेरीत पोचली आणि दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. तीन गुणांनी.

भाचीचं ट्यूशन लागलं. पण सकाळचं, सहाचं! संध्याकाळ तिनं भांडून मोकळी ठेवली. शाळेच्या मैदानात काळी माती, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. या पोरींनी सरांच्या मागं लागून मुरूम टाकून घेतला आणि स्वतः पाणी मारून, धुमसून मैदान केलं. २०२४ च्या पावसाळ्यानंतर शाळांची स्पर्धा झाली, त्या संध्याकाळी मला लातूरला फोन आला.

‘‘मामा, हरलो!’’

आवाज मात्र हरल्यासारखा अजिबात नव्हता.

‘‘कितीनं गं?’’

‘‘सहा! सहाच गुणांनी! लीगमध्ये असतो तर एक गुण मिळाला असता की नाही, सांगा?’’