लस घेतल्यावर खांदा धरला? भरपाई मागायची तर आधी कागद सांभाळा

कुत्रा चावला म्हणून लस घेतली, किंवा गरोदरपणात टीडीचं इंजेक्शन झालं. त्यानंतर दोन-तीन दिवस दंड दुखणं नेहमीचंच. पण आठवडे उलटले तरी हात वर जात नसेल, कपडे घालताना कळ येत असेल, तर अंगावर काढू नका.

नेमकं काय होतं?
इंजेक्शन खांद्याच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली, दंडाच्या जाड स्नायूत द्यायचं असतं. फार वर टोचलं तर सुई सांध्याजवळ जाते आणि आत सूज येते. त्रास बहुतेक वेळा ४८ तासांच्या आत सुरू होतो. इथे दोष लशीचा नसतो, टोचण्याच्या जागेचा असतो.

मोबाईलवरचे व्हिडिओ
या दुखापतीला मोठी भरपाई मिळाल्याचे व्हिडिओ फिरतात, ते अमेरिकेतले. तिथे १९८६ च्या कायद्याने वेगळी योजना आहे आणि २०१७ पासून ही दुखापत तिच्या यादीत आहे. यादीतल्या अटी बसल्या तर तिथे कुणाची चूक हे सिद्ध करावं लागत नाही. आपल्याकडे मात्र निष्काळजीपणा झाला हे दाखवावं लागतं.

दाद कुठे मागायची?
खासगी दवाखान्यात पैसे देऊन लस घेतली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे. मुदत २ वर्षं. दवाखान्याला दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. माहितीसाठी १९१५ वर फोन करा.

सगळ्यांना मोफत सेवा देणारा सरकारी दवाखाना ग्राहक कायद्यात येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलंय. तिथे दिवाणी कोर्टाचा रस्ता. दाव्याआधी सरकारला २ महिन्यांची नोटीस द्यावी लागते, म्हणून वकिलाला लवकर भेटा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा १५१०० वर विचारा.

आजच काय कराल?
• लसीकरण कार्ड, पावती, केस पेपर यांचे फोटो काढून ठेवा.
• दुखणं कधी सुरू झालं, ती तारीख लिहा.
• आशाताई किंवा मेडिकल ऑफिसरला सांगा. लशीनंतरच्या त्रासाची नोंद करायची पद्धत सरकारी यंत्रणेत आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.
• हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. लस कधी घेतली ते केस पेपरवर लिहायला सांगा.
• उपचाराचे कागद लेखी मागा. मागणीनंतर ७२ तासांत ते द्यावेत, असा डॉक्टरांसाठी नियम आहे.

मुदतीनंतर किंवा कागदांशिवाय गेलात, तर खरी तक्रारही टिकवणं अवघड जातं.

आणि एक सांगणं. खांदा दुखला म्हणून कुत्रा चावल्यावरचे उरलेले डोस सोडू नका. रेबीज झाल्यावर जीव वाचणं जवळपास अशक्य असतं. पुढचा डोस दुसऱ्या दंडात द्यायला सांगा.